उन्हात नुसतं बसायला जमत नाही: लाइपझिगच्या विद्यार्थ्याला नागपूरहून उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा. नागपूरचा मुलगा, जर्मनीत लाइपझिगला मास्टर्सचं दुसरं सेमिस्टर. हिवाळा खोलीतच गेला. परवाच्या शनिवारी पहिल्यांदा चांगलं ऊन पडलं, वर्गातले सगळे क्लारा-त्सेटकिन पार्कात जाऊन गवतावर पसरले, तूही गेलास आणि पाऊण तासात "काम आहे" म्हणून उठलास. खोलीवर येऊन कामही झालं नाही. आता विचारतोस की असा एक दिवस निवांत घालवायचा म्हणजे करायचं काय, खर्च किती, डोक्यावर एज्युकेशन लोन असताना हे शोभतं का, आणि भर दुपारी गवतावर लोळताना पाहून आईबाबांनी विचारलं तर काय सांगायचं.

मी धरमपेठेत जर्मन शिकवते आणि तिकडे निघालेल्या पोरापोरींची तयारी करून घेते. त्याआधी लाइपझिगलाच शिकत होते. तू माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा, म्हणून एकेरीत लिहिते. निघायच्या आधी ही मुलं मला काय काय विचारतात! ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं), कुकर न्यायचा की नाही, जॅकेट इथून घेऊ की तिथून. सुट्टीच्या दिवशी काय करायचं हे मात्र कोणी विचारत नाही. मग एप्रिल उजाडतो आणि एकेकाचा फोन येतो, तोही जरा चाचरत. हे आपल्या एकट्यालाच होतंय असं प्रत्येकाला वाटत असतं.

माझ्या मते "काय करायचं" हा तुझा प्रश्न नाहीच. त्या पार्कात करण्यासारखं काही नसतं, तुझे वर्गमित्रही काही करत नव्हते. अडचण अशी आहे की तिथला चांगला दिवस न सांगता येतो आणि तुझं काम मात्र वाराला बांधलेलं आहे. त्यामुळे ऊन पडलं की तुला ते कामात आलेलं विघ्न वाटतं. त्यावर इथून नेलेल्या दोन सवयी बसल्या आहेत. आधी त्यांचं बघू.

पहिली सवय उन्हाची. मी हे लिहितेय तेव्हा आमच्याकडे सकाळी दहाला खिडक्या बंद झाल्यात, कूलरच्या ताट्यांना नवीन वाळा लावलाय आणि माझा सकाळचा वर्ग सातला भरतो, कारण अकरानंतर कोणाला घरी पाठवायचं म्हणजे जिवावर येतं. आपण लहानपणापासून ऐकत आलो ते "ऊन लागेल, आत ये". दुपट्टा बांधून, खिशात कांदा टाकून बाहेर पडणारी माणसं आपण. एप्रिलमध्ये ऊन दिसलं की पाय आपोआप सावलीकडे वळतात. तिकडचं गणित वेगळं. नागपुरात वर्षातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा दिवस यांत अडीच तासांचा फरक पडतो. लाइपझिगमध्ये तो आठ तासांहून जास्त. डिसेंबरात दुपारी चारला दिवे लागलेले तू पाहिलेस. त्या अक्षांशावर ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की अंगात ड जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीला तर ते तयार करायला जास्त ऊन लागतं. ती गोरी मंडळी एप्रिलमध्ये बाह्या वर करून भिंतीला टेकून डोळे मिटतात, त्याला आळस म्हणू नको. सहा महिन्यांची उधारी वसूल करताहेत. तुझी उधारी त्यांच्यापेक्षा मोठी आहे. हिवाळाभर थकवा, झोप, अंगदुखी असं काही असेल तर तिथल्या डॉक्टरकडून एकदा तपासून घे, मनानं गोळ्या सुरू करू नको.

दुसरी सवय परीक्षेची, आणि ही जास्त चिवट. पहिलीपासून इंजिनिअरिंगपर्यंत मार्च-एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे परीक्षा. बोर्डाचे पेपर, मग विद्यापीठाचे. पळस फुलला की पोटात गोळा, हे अनेक वर्षं चाललेलं. त्यामुळे एप्रिलमध्ये मित्र हसताना दिसले की आतून कोणीतरी ओरडतं, "अरे, तयारी झाली का?" पण तिथे उन्हाळी सेमिस्टर एप्रिलमध्ये सुरू होतं, परीक्षा जुलैच्या आसपास. म्हणजे तू आत्ता जिथे आहेस तो आपल्याकडचा जुलै. शाळा नुकती उघडली, वह्यांना कव्हरं घालायचे दिवस. वर्षातला सगळ्यात हलका काळ हाच, आणि नेमका याच काळात तू सगळ्यात जास्त दडपलेला.

आता सगळ्यांना एकच माप लावता येत नाही, तेही सांगते. विद्यापीठाचं वेळापत्रक एक, तर फाखहोखशूलेचं, म्हणजे उपयोजित शिक्षणाच्या कॉलेजचं, दुसरं. तिथे तासिका मार्चमध्येच सुरू होतात. थिसिस जमा करायचा महिना असेल तर माझा सल्ला वेगळा राहील. शनिवार-रविवारी रेस्टॉरंटमध्ये किंवा गोदामात शिफ्ट असेल तर ती बुडवून गवतावर जाऊन बस असं मी कधीच म्हणणार नाही. आणि महिनोन्महिने कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर हा उन्हाचा विषय राहत नाही. श्टुडेंटेनवेर्क या विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेकडे मानसशास्त्रीय सल्ला मिळतो, तिथे वेळ घे. तू लिहिलंस त्यावरून तुझं तसं दिसत नाही. तू अस्वस्थ आहेस, तेवढंच.

मी माझ्या मुलांना जे करायला सांगते ते असं. आठवड्याचं काम दोन ढिगांत घाल. एक ढीग न हलणारा: तासिका, लॅब, शिफ्ट, कोणाला दिलेली वेळ. दुसरा ढीग सरकणारा: वाचन, असाइनमेंट, कपडे धुणं, आठवड्याची भाजी करून फ्रीझरमध्ये ठेवणं, ईमेल. नागपुरात हे दोन ढीग केले काय आणि न केले काय, हवा महिनाभर तीच. तिकडे एप्रिलमध्ये एका दिवसात ऊन, गारा आणि पाऊस तिन्ही होतात. "एप्रिल त्याच्या मनाला येईल ते करतो" अशा अर्थाची म्हणच आहे त्यांच्यात. म्हणून बुधवारी-गुरुवारी हवामानाचा अंदाज बघ. शनिवारी ऊन आणि रविवारी पाऊस दिसला की शनिवारचं सरकणारं काम रविवारवर टाक. त्याच वेळी, मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये, तासांसकट. "बघू उद्या" असं मोघम ठेवलंस तर गवतावर पडल्या पडल्या तेच डोक्यात फिरणार. एकदा का असाइनमेंट रविवारी दुपारी दोन ते सहा असं लिहून ठेवलं की शनिवार कोणाचा चोरलेला राहत नाही, फक्त अदलाबदल झालेली असते. आणि पाऊस येतो रे. एप्रिलमध्ये अभ्यासाला पाऊस कमी पडला असं माझ्या कुठल्या विद्यार्थ्यानं अजून सांगितलं नाही.

एवढं नीट केलंस तर पुढचं अर्धं काम आपोआप होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी परतायची वेळ ठरव. "दिवसभर" असं म्हणू नको, तुला पचणार नाही. एकला निघायचं, सहाला परत. एप्रिलच्या शेवटी तिकडे आठ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, म्हणजे घरी येऊन अंघोळ-जेवण करून खिडकीतल्या उजेडात दोन तास वाचायलाही मिळतात. त्या दोन तासांत जेवढं होतं तेवढं तुझ्या परवाच्या चार तासांत झालं नव्हतं, हे तूच लिहिलंयस.

लोनचं. हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. घर तारण ठेवून मुलाला पाठवणारे आईबाप माझ्यासमोर बसलेले असतात. हप्ता साधारण शिक्षण संपल्यावर सहा महिने ते वर्षभरानं सुरू होतो, पण व्याज आजही चालू आहे, ते तुझ्या डोक्यात राहणारच. तरी हिशेब कागदावर मांडून बघ. 2024 च्या सप्टेंबरपासून ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992. यातलं मोठं भाडं, मग विमा, मग किराणा. पार्कातल्या दिवसाचा खर्च यात कुठे बसतो? ब्रेड, चीज, द्राक्षं किंवा घरचा डबा, एखादं पेय: पाच युरोच्या आत. सेमिस्टर तिकीट असेल तर ट्रामचे वेगळे पैसे नाहीत, सायकल असेल तर तेही नको. खोलीत बसून चिडचिड झाली की तू जे पार्सल मागवतोस ते याच्या तिप्पट पडतं. लोन वाढतं ते कोर्स एक सेमिस्टर लांबल्यानं. आणि कोर्स लांबलेली माझी मुलं आठवते तेव्हा त्यांत पार्कात बसणारी फारशी दिसत नाहीत. विषय न कळताही कोणाला न विचारणारी, ग्रुपपासून तुटलेली मुलं दिसतात. उन्हातल्या त्या चादरीवरच कोणाकडे जुने पेपर आहेत, कोणता प्रोफेसर थिसिसला बरा, कुठे वर्किंग स्टुडंटची जागा निघाली, हे कळतं. म्हणून जा असं नाही म्हणत. पण हेही होतं.

आणखी एक: प्रत्येक गोष्टीला रुपयांत गुणायचं थांबव. गुणायचंच असेल तर महिन्याच्या शेवटी एकदाच, सगळ्या खर्चाची बेरीज करून. तीन युरोच्या आइस्क्रीमसमोर उभं राहून गुणाकार केला तर आइस्क्रीमही गेलं आणि दुपारही.

आता प्रत्यक्ष दिवस. अंथरायला खालून प्लॅस्टिक असलेली चादर घे, पिकनिकडेके मागितली की मिळते. हवा वीस अंश असली तरी जमीन अजून हिवाळ्यातलीच असते, साध्या बेडशीटवर बसलास तर पाऊण तासात उठावंसं वाटणारच. परवा तुला उठवलं त्यात निम्मा वाटा या ओल्या गारठ्याचाही असेल बघ. जॅकेट बरोबर हवंच. ऊन कललं की तापमान धाडकन उतरतं. आणि जाड कोट मेच्या मध्यापर्यंत माळ्यावर टाकू नको. 11 ते 15 मे या दिवसांना ते आइसहायलिगे म्हणतात, थंडीच्या संतांचे दिवस. त्या सुमारास एखादी गारठ्याची लाट येते असं त्यांचे शेतकरी मानतात आणि बागेतली नाजूक रोपं तोवर बाहेर लावत नाहीत.

लॅपटॉप नेऊ नको. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही आणि शेजारी ठेवला की मन त्याच्याच पाळतीवर राहतं. पण हाताला काहीतरी हवं. आपल्याला नुसतं बसायचा सराव नाही. आपण बसतो ते शेंगा सोलत, निवडत-टिपत. पत्त्यांचा कॅट ने. मेंढीकोट शिकवायला दहा मिनिटं लागतात: चौघं, जोडीदार समोरासमोर, दहिल्या ओढायच्या. जर्मन पोरांना स्काट नावाचा पत्त्यांचा खेळ घरून ठाऊक असतो, तो तर लाइपझिगजवळच्या आल्टेनबुर्गमध्येच जन्मला. त्यामुळे हुकुमाची भाषा त्यांना पटकन कळते. माझी एक विद्यार्थिनी चार महिने वर्गात गप्प होती. समोरच्यावर कोट चढवला त्या दुपारी तिचा आवाज सगळ्यांनी पहिल्यांदा ऐकला.

आणि खायला कच्चा चिवडा. हसू नको, यासारखं दुसरं काही नाही. इंडियन स्टोअरमधून मुरमुरे घे. सांबार, म्हणजे कोथिंबीर, आइझेनबानश्ट्रासे या रस्त्यावरच्या अरबी-तुर्की दुकानांत मोठ्या जुड्यांत मिळतो, सुपरमार्केटच्या कुंडीतल्या चार काड्या घेऊ नको. शेंगदाणे घरून भाजून ने. कांदा, टमाटर, हिरवी मिरची चिरून वेगवेगळ्या डब्यांत, लिंबू, तिखट, मीठ आणि एका छोट्या बाटलीत कच्चं तेल. सगळं तिथे गेल्यावरच मोठ्या भांड्यात कालवायचं. आधी तेल-तिखट-मीठ मुरमुऱ्यांना हातानं चोळायचं, मुरमुरे लालसर दिसले की मग दाणे, सगळ्यात शेवटी कांदा-टमाटर. घरून कालवून नेलास तर पोचेपर्यंत त्याचा लगदा झालेला असतो. कालवताना सगळे गोळा होतात, कोणीतरी लिंबू पिळायला घेतं, कोणाच्या डोळ्यात पाणी येतं, आणि तुला "आता मी काय बोलू" हा प्रश्नच उरत नाही. तिखट अर्धंच घाल. आपलं भिवापुरी तिखट असेल तर त्याच्याही अर्धं.

तिथल्या बसण्याच्या रिती जरा वेगळ्या, म्हणून सांगते. "आम्ही दोनपासून क्लाराला आहोत" हे आमंत्रणच असतं, त्याहून जास्त आग्रह होणार नाही. चारला गेलास तरी चालतं. प्रत्येक जण आपलं खाणंपिणं आणतो. कोणी काही पुढे केलं आणि तू संकोचून "नको" म्हणालास तर ते नकोच धरतात, दुसऱ्यांदा विचारत नाहीत. भूक असेल तर पहिल्यांदाच घे. बिअर नको असेल तर कारण द्यावं लागत नाही. मध्येच अर्धा तास कोणीच बोलत नाही, एक वाचतोय, एक झोपलाय, दोघं आकाशाकडे बघताहेत. यात तुला वगळलंय असं वाचू नको. त्यांच्यात ओळखीच्या माणसाजवळच असं गप्प बसता येतं. निघताना सगळ्यांना एकदम "निघतो" म्हटलं की झालं. आपल्यासारखं दारात अर्धा तास उभं राहावं लागत नाही. रिकाम्या बाटल्यांचं डिपॉझिट असतं, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे आणि कॅनचे 25 सेंट. परत न्यायच्या नसतील तर कचरापेटीत कोंबू नको, पेटीच्या शेजारी उभ्या ठेव. त्या गोळा करून दोन पैसे मिळवणारी माणसं असतात, त्यांना कचऱ्यात हात घालावा लागत नाही. शेगडी पेटवायची असेल तर ठरवून दिलेल्या जागीच, पाटी वाचून.

गवतावर बसणं जमलंच नाही तर? काहींना खरंच जमत नाही, त्यांनी चालावं. पार्कातल्या झाक्सेनब्रुके या पुलावरच बघ, मोटारी बंद असल्यामुळे पोरं रस्त्यावर मांडी घालून बसतात, कोणी गिटार वाजवत असतं. तिथे एकट्यानं बसलं तरी एकटं वाटत नाही. तिथून दक्षिणेला सायकल काढलीस की आउवाल्ड, नदीकाठचं जंगल. एप्रिलमध्ये झाडांना पानं फुटायच्या आधी सगळी जमीन बेअरलाउख या रानलसणानं हिरवी होते. वास सरळ लसणाचा, डोळे मिटले तर कोणीतरी ठेचा कुटतंय वाटावं. तिथले लोक त्याची पानं चिरून चटणीसारखं करतात, आपल्याला थालीपिठात घालायला लसणाच्या पातीच्या जागी उत्तम. पण स्वतः तोडायला जाऊ नको. माइग्लॉकशन नावाच्या फुलझाडाची पानं तशीच दिसतात आणि ती विषारी असतात. आणखी एक हेर्ब्स्टत्साइटलोझे म्हणून आहे, ते तर जिवावर बेततं. हाताला एकदा लसणाचा वास लागला की पुढच्या प्रत्येक पानाला तोच येतो, म्हणून वासावर विसंबता येत नाही. शिवाय राखीव जंगलाच्या भागात तोडायला बंदी असते. बाजारात जुडी मिळते, ती घे.

त्याच रस्त्यानं पुढे कॉस्पुडेनर झे हा तलाव लागतो. त्याच्याबद्दल शेवटी सांगते, तुझ्या बाबांशी त्याचा संबंध आहे. आणि पाऊस आलाच तर शनिवारी दुपारी तीनला थोमासकिर्शे या चर्चमध्ये जा. सुट्ट्यांचे दिवस सोडून शुक्रवारी सहाला आणि शनिवारी तीनला तिथे मोटेट असतं, मुलांचं गायन. कार्यक्रमपत्रिकेचे थोडे पैसे, एवढाच खर्च. संगीतकार बाख 1723 पासून 1750 ला वारेपर्यंत याच चर्चचा संगीतप्रमुख होता आणि त्याची कबरही तिथेच आहे. शास्त्रीय संगीत कळायची अट नाही. भजनाला बसल्यासारखं बस, पण टाळ्या वाजवायची घाई करू नको, बाकीचे काय करतात ते बघ.

रविवारी दुकानं बंद असतात हे तुला एव्हाना कळलंच असेल. ईस्टरला मात्र नवी मुलं हमखास फसतात. शुक्रवार बंद, शनिवार चालू, रविवार-सोमवार बंद. शुक्रवारचं दूध-ब्रेड गुरुवारीच आणि रविवार-सोमवारचं शनिवारीच घेऊन ठेवायचं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: अंदाज बघून सरकणारं काम पावसाच्या दिवशी ढकल, परतायची वेळ ठरव, बुडाखाली चांगली चादर घे, हाताला पत्ते आणि पोटाला चिवडा. बाकी काही करायचं नाही.

दोन-तीन सावधगिऱ्या. गवतातून, झुडपांतून आलास की अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड आहे का बघ. आपल्याकडे गोचीड म्हणजे गुराढोरांची, म्हणून मुलं हे मनावर घेत नाहीत. तिकडच्या गोचिडीमुळे लाइम रोग होऊ शकतो. चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-बिल ओतत बसायचं नाही. पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्या जागी लाल कडं पसरताना दिसलं तर लगेच डॉक्टर. दुसरा एक मेंदूज्वर, एफएसएमई, तोही गोचिडीतूनच येतो. लाइपझिग ज्यात येतं त्या झाक्सन राज्याचे बहुतेक जिल्हे त्याच्या जोखमीत मोडतात, त्याची लस असते, तुझ्या डॉक्टरला विचार. शिंका, डोळे चुरचुरणं सुरू झालं तर सर्दी समजून काढे घेत बसू नको, एप्रिलमध्ये बर्च झाडाचे परागकण हवेत असतात. माझ्या कित्येक मुलांना पहिल्या वसंतात काही झालं नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्यात सुरू झालं.

आणि हिमेलफार्ट, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण, ईस्टरचा रविवार धरून चाळिसाव्या दिवशी येणारा गुरुवार. सुट्टी असते, त्यालाच ते बाप्यांचा दिवस करतात. हातगाड्यांवर बिअर लादून पुरुषमंडळींचे जथे सकाळपासून रानावनात फिरतात. सकाळी बघायला मजा येते. दुपारनंतर दारू चढलेली असते, तेव्हा परक्या दिसणाऱ्या माणसानं आडरानात एकटं हिंडू नये. त्या दिवशी ओळखीच्यांत आणि वर्दळीच्या भागात राहा, हे मी स्पष्टच सांगते. बाकी दिवस इतका विचार करावा लागत नाही.

आता आईबाबा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली, त्यामुळे आता साडेतीन तासांचा फरक. तुझी दुपारची दोनची वेळ म्हणजे घरी साडेपाच, बाबा चहा घेत असतील. तेव्हाच फोन कर, लपवू नको. लपवलंस की दुसऱ्या कोणाच्या तरी स्टेटसवर तुझा गवतावरचा फोटो दिसतो आणि मग भलतंच चित्र उभं राहतं. "आज अभ्यास नाही का" असं आई विचारणारच. त्यावर "उद्या दोन ते सहा बसणार आहे" एवढं उत्तर पुरतं, आणि ते खरं असल्यामुळे तुझ्या आवाजात चाचरणं येत नाही. आणि तिला ऊन दाखव. "टोपी घाल" म्हणेल. घाल.

बाबा वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीत आहेत म्हणतोस, उमरेडला. मग त्यांना कॉस्पुडेनर झे दाखवच. तो तलाव म्हणजे उमरेडसारखीच उघडी खाण होती, फक्त लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची. जर्मनीच्या एकीकरणानंतर खाण बंद झाली, खड्ड्यात पाणी भरत गेलं आणि 2000 साली तो लोकांसाठी खुला झाला. आज तिथे वाळूचा किनारा आहे, शिडाच्या बोटी आहेत. वर काढलेली माती कुठे टाकली, उतार कसे धरून ठेवले, पाणी आंबट होऊ नये म्हणून काय करतात, असे प्रश्न बाबांच्या तोंडून सुटतील बघ. उत्तरं शोधायला तुला दुसऱ्यांदा तिथे जावं लागेल. पाण्यात मात्र एवढ्यात उतरू नको. वर ऊन असलं तरी एप्रिलचं पाणी इतकं गार असतं की दम कोंडतो. आणि व्हिडिओ कॉलवर कॅमेरा फिरवण्याआधी कुठल्या काठावर उभा आहेस ते पाहून घे. त्या तलावाच्या एका भागात कपडे न घालता पोहण्या-पहुडण्याची रीत आहे, तिथे एफकेके अशी पाटी असते. ते तिकडे अगदी साधं समजतात, पण आईला हे समजावून सांगण्यात तुझी पुढची सगळी दुपार जाईल.